आपली फिलम

आई, तुझी फिलम परवा बघितली. शहापूरच्या घरात, दुपारी, एकटीने, फोनवर. जुन्या नावाजलेल्या सिनेमांच्या प्रती हल्ली धुऊनपुसून पुन्हा दाखवतात, तशी हीही कुणीतरी नीट केली आहे. तुझ्या नातीने ती शोधून मुंबईहून पाठवली. मला सिनेमाचं वेड आहे हे तिला ठाऊक आहे, तुला नव्हतं. शेणव्याच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा तिथल्या एका बाईंमुळे ते लागलं, तोवर तू गेली होतीस. कुठल्या कुठल्या देशांचे सिनेमे मी पाहिले, खालची अक्षरं वाचत वाचत. बर्फात मुलाला शोधणारी आई पाहिली, रिकाम्या घरात धान्य निवडत बसलेली म्हातारी पाहिली, आणि त्यांच्यासाठी पोटभर रडले. रडून झालं की बरं वाटायचं. आपल्याला चांगलं कळतं, असंही वाटायचं. आता त्याच बाया डोळ्यांपुढे आल्या की मनात येतं, ही तेव्हा खरंच कशासाठी रडत होती? कुणी काय विचारलं होतं हिला?

तो वैशाख होता. सिद्धगडाच्या पायथ्याला, आपल्या गावात, दोन गाड्या भरून सिनेमावाली माणसं आली आणि त्यांच्या मोठ्या साहेबांना आपली चूल आवडली. त्यांच्या गोष्टीतल्या बाईच्या नवऱ्याला पोलीस धरून नेतात आणि ती भाकऱ्या थापता थापता रडते. तू थापत होतीस, रडत नव्हतीस. सकाळपासून थापून थापून नागलीचं पीठ संपत आलं. डोळ्यांत पाणी आणायचं औषध त्यांच्याकडे होतं, पण मोठ्या साहेबांना ते नको होतं, त्यांना खरं पाहिजे होतं. त्यांच्याबरोबरची वहीवाली ताई मला बाहेर आंब्याखाली घेऊन गेली. तिने मला कॅमेऱ्यातून बघू दिलं होतं, त्यामुळे ती मला फार आवडायची. तिने विचारलं, "आई घरी कधी रडते गं?"

"नाय रडत."

"कधीच नाही?"

"आमचा धाकला मेला तवा पन नाय रडली."

मी दहा वर्षांची होते आणि हे मी अभिमानाने सांगितलं. माझी आई किती घट्ट आहे, हे शहरातल्या बाईला कळावं म्हणून. ताईने ते वहीत लिहिलं, आत गेली आणि साहेबांच्या कानाशी लागली.

मी दाराआडून बघत होते. साहेब चुलीजवळ उकिडवे बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या मुलाला ताप आला तेव्हा पाऊस होता का हो?" तू थापतच राहिलीस. मग म्हणालीस, "ओढ्याला पानी व्हतं." आणि मग सगळंच बोललीस. त्याला पदरात गुंडाळून ओढ्याच्या काठावर किती वेळ उभी होतीस, मुरबाडला न्यायला वाट कशी नव्हती. त्याने पेज मागितली होती आणि तापात नको म्हणून तू दिली नव्हतीस. "मागत व्हता, आन् मी नाय दिली," एवढंच परत परत. मी धावत आत आले, तुझ्या खांद्याला धरलं. तू पिठाच्या हाताने मला ढकललंस. "भायेर जा गो. फिलम चाललीय."

मग टाळ्या वाजल्या. साहेबांनी तुला हात जोडले. तू तोंड पुसून विचारलंस, चहा कितीजणांचा टाकू.

ती माणसं गेल्यावर मी तुला पेजेचं विचारलं. तू म्हणालीस, "गप ऱ्हा." त्यानंतर मरेपर्यंत तू त्याचं नाव काढलं नाहीस. लग्न होऊन मी शहापूरला आले, मला मुलगी झाली, तिला तापात मांडीवर घेऊन मी रात्री काढल्या, तेव्हाही नाही. माझा राग त्या साहेबांवर आहेच, पण तो थोडा आहे. तुझ्यावरचा जास्त आहे. चार परक्या माणसांना आणि एका यंत्राला तू जे दिलंस ते मला द्यायला तुझा जीव का झाला नाही? तो माझाही भाऊ होता ना?

फिलम गावात आणून दाखवू, असा शब्द त्यांनी दिला होता. तू मुरबाडच्या बाजाराला गेलीस की तिथल्या टॉकीजवाल्याला विचारायचीस, "आपली फिलम लागली का?" तो हसायचा. मला लाज वाटायची, मी चार पावलं पुढे जाऊन उभी राहायचे. "येतील ते. बोललेत ना," असं तू मलाच समजवायचीस. कुणी आलं नाही.

बरं झालं नाही आले. पडदाभर तुझा चेहरा आहे, आई. पण तू नवऱ्यासाठी रडते आहेस. ओढा नाही, पेज नाही, धाकला नाही. तुझ्या ओठांवर भलतेच शब्द बसवले आहेत, आणि आवाजही तुझा नाही, कुणा नटीचा आहे. शेवटी नावं येतात, त्यांत 'गावकऱ्यांचे आभार' आहेत, तुझं नाव नाही. फिलमच्या खाली बघणाऱ्यांनी लिहिलंय, काय अस्सल अभिनय आहे, ह्या बाईला बक्षीस मिळायला हवं होतं.

संध्याकाळी तुझ्या नातीचा फोन आला. "आई, आजी कुठली गं त्यात?"

"दिसली नाही," मी म्हटलं. "तिचं कापलं असणार."

ती हळहळली. खरं सांगितलं असतं तर वहीवाल्या ताईला धाकल्याचं कुणी सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं.

जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. वही परत शाळेच्या कपाटात जाईल. काल मी आवाज बंद करून तेवढाच तुकडा पुन्हा लावला. म्हटलं, तुझे खरे शब्द मला पाठ आहेत, ते मी त्या ओठांवर ठेवते. शब्द आले. तुझा आवाज आला नाही. किती वेळा लावलं, तरी ती नटीच बोलते. 'भायेर जा गो' सुद्धा तीच म्हणते.

आणि खरं सांगू? तिचा आवाज चांगला आहे.