फोनवर सगळं हिरवं

३ फेब्रुवारी
बंद करणार म्हणे! डबीवाल्यांची मेल आली. 'प्रिय ग्राहक, एका सुंदर प्रवासाचा शेवट होत आहे.' कसला प्रवास? मी या घरातून हलत नाही, म्हणून तर डब्या लावल्या. महिनाअखेर त्यांचं क्लाउड बंद. मग दाराची, फ्रिजची, बाथरूमची आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरची – चारही डब्या मुक्या. मी उठले, फ्रिज उघडला, बाथरूममधून धड बाहेर आले, हे चिरंजिवांच्या फोनवर पोचायचं. आता पोचणार नाही. शेवटी लिहिलंय, सेन्सर कचऱ्यात टाकू नका, पर्यावरणाची काळजी घ्या. माझी काळजी कोण घेणार, त्याबद्दल अवाक्षर नाही!

गेल्याच आठवड्यात चारही डब्यांत नवे सेल घातले. ती गोल चपटी चकती बसवताना नख तुटलं.

४ फेब्रुवारी
सकाळपर्यंत राग उतरेल असं वाटलं होतं. नाही उतरला.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवला मी. आमचा जुना बोर्ड बंद झाला, तेव्हा एकेका ग्राहकाला फोन करून विचारलं होतं – नवी लाइन चालतेय ना, ऐकू येतंय ना? मगच जुनी जोडणी काढली. चिडके, बहिरे, शिव्या देणारे, सगळ्यांना विचारलं. या लोकांनी एक मेल टाकली आणि हात झटकले.

त्यांना फोन लावला. यंत्र म्हणालं, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग संगीत. मग पुन्हा तेच. मी यंत्राशीच भांडले. जरा बरं वाटलं.

७ फेब्रुवारी
चिरंजिवांना सांगायचं का? नोटीस फक्त मला आलीय. खातं माझ्या नावावर. 'घर तुझं, खातंही तुझंच असू दे,' असं तोच म्हणाला होता.

सांगितलं की काय होणार ते मला पक्कं माहीत आहे. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले. इस्त्रीवाल्याने बेल वाजवली, तोपर्यंत तशीच पडून होते. त्यानंतर चिरंजिवांनी निर्वाणीचं सांगितलं, "आई, एक तर डब्या लावायच्या, नाहीतर सामान बांधायचं." त्याच्याकडे माझ्यासाठी खोली राखून ठेवलीय. पलंग आहे, बाथरूममध्ये धरायला दांडासुद्धा बसवलाय. सूनबाई दातांची डॉक्टर, माणूस वाईट नाही. पण तिच्या घरात साखर कुठे आहे ते मला विचारावं लागतं. इथे मी डोळे मिटून साखर काढते.

म्हणजे डबीवाल्यांनी डब्या नाही, माझं घरच काढून घेतलं! छे. मूग गिळून बसायचं ठरवलं.

१२ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने फ्रिजची डबी उघडली, फिरवून पाहिली. म्हणाला, "काकू, डबी ठणठणीत आहे. पण ती कंपनी सोडून दुसऱ्या कुणाशी बोलतच नाही. तशीच बनवलीय."

पैसे माझे, भिंत माझी, सेल माझे – आणि हुकूम त्यांचा! कंपनीचा यथेच्छ उद्धार केला. तो बिचारा माझ्याच बाजूने मान हलवत होता, तरी थोडं त्यालाही सुनावलं. मग चहा पाजला.

२८ फेब्रुवारी
आज शेवटचा दिवस. कंपनीची आणखी एक मेल: आमच्या सेवेला किती तारे द्याल?

१ मार्च
हे काय अक्रीत! चिरंजिवांना मुद्दाम फोन केला, उगाच हवापाण्याचं विचारलं. तो म्हणाला, "तुझं सगळं हिरवं दिसतंय. बोल, काय म्हणतेस?"

हिरवं? क्लाउड कालच मेलं. त्याच्या फोनवर कालचंच चित्र अडकून पडलंय – वर हिरवा ठिपका, खाली 'सर्व ठीक'. मी हवापाण्याचंच बोलून फोन ठेवला. नंतर मात्र तिडीक गेली डोक्यात. कळत नसेल तर कळत नाही म्हणा ना! आमच्याकडे लाइन मेली की कानाला कळायचं. मेलेल्या लाइनवर माणूस बोलतोय असं आम्ही कधी भासवलं नाही.

पण घर वाचलं माझं. हेही खरं.

३ मार्च
आजही हिरवं म्हणे. डब्यांचे बारके दिवेही भिंतीवर लुकलुकतायत. कुणासाठी, देव जाणे.

८ मार्च
सूनबाईंचा फोन. पूर्वी रोज करायची, आता आठवड्याने आला. म्हणाली, हल्ली तुमचा ठिपका कायम हिरवाच असतो, पूर्वीसारखा मध्येच पिवळा होत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त असतो, उगाच फोन करून तुम्हाला त्रास नको. मी वर 'हो गं, मी अगदी मजेत' असं म्हणाले. कंपनी खोटं बोलतेय म्हणून मी बोंबलतेय, आणि कंपनीच्या खोट्यावर शिक्का मारतेय मीच.

१२ मार्च
स्टुलावरून पडले. वरच्या फळीवरचा डबा काढायला चढले होते – या वयात! गुडघा टम्म सुजला. उठता येईना. समोरच भिंतीवरची डबी लुकलुकत होती. मी तिला हाक मारली. खरंच मारली, नावाने नाही, 'अगं ए' म्हणून. हसू आलं आणि मग रडू आलं.

सरकत सरकत ओट्यापर्यंत गेले, धरून उठले. तोपर्यंत ऊन खिडकीतून सरकून निघून गेलं होतं. कुणाचा फोन नाही. चिरंजिवांवर भयंकर चिडले – दिवसभर आईने फ्रिज उघडला नाही, तुला कळू नये? आणि मग आठवलं, त्याला कसं कळणार. त्याच्या फोनवर मी मजेत आहे.

१४ मार्च
गुडघ्यावर शेक. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, एकट्या राहता का? मी विषय बदलला.

घाबरले आहे मी. इथे कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते. बाथरूमला जाताना दाराची कडी लावत नाही आता. भिंत धरून जाते. साखर डोळे मिटून सापडते याचं काय लोणचं घालायचंय? सापडू दे की विचारून. सूनबाई सांगेल. ती कधी तोंड वाकडं करत नाही, मीच करते.

ठरलं. उद्या रविवार. सकाळीच फोन करून सगळं सांगून टाकायचं. ओरडेल, ओरडू दे. वाक्यही तयार केलंय – 'अरे, मी सामान बांधतेय.' बॅगही माळ्यावरून वायरमनकडून काढून घेतली.

१५ मार्च
माझ्याआधी त्याचाच फोन आला. खुशीत होता. म्हणाला, "आई, तुझंच बरोबर होतं. तुझ्या घरात तू इतकी छान आहेस, रोज बघतोय ना मी! तुझ्यामागे लागणं आता बंद." माझ्यासाठी राखलेल्या त्या खोलीत सूनबाईंचा दवाखाना होतोय. पलंग विकला. काल मधली भिंत पाडली.

मी म्हटलं, चांगलं केलंत.