दुधाच्या पिशव्यांचा स्टॉक

सोमवार
येत्या सोमवारी बायकोची बाळंतपणाची रजा संपते. ठकी साडेचार महिन्यांची. पंपाने काढलेल्या दुधाचं खातं आजपासून माझ्याकडे. मीच मागून घेतलं. गोदामात बारा वर्षं स्टॉक सांभाळतोय, हे तर डाव्या हाताचं काम. दवाखान्याचं पत्रक वाचलं. दोन पानं. तिसरं वाचायची गरज वाटली नाही, मुद्दा कळला.

मंगळवार, सकाळी ७
फ्रीजरमध्ये नऊ पिशव्या. एकीवर तारीख नाही! बायकोने वर नुसतं 'काल' लिहिलंय. कुठला काल? विचारलं तर म्हणाली, ज्या दिवशी लिहिलं त्याच्या आदला. हात टेकले.

बुधवार
सासूबाईंनी ताज्या दुधाची बाटली पुन्हा फ्रीजच्या दारात ठेवली. दार सारखं उघडतं, तिथे गारवा टिकत नाही, बाटली आत मागे हवी, हे तिसऱ्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, आम्ही फ्रीज नसताना तीन वाढवली. पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवार, दुपार
सासूबाई पिशवी मायक्रोवेव्हमध्ये टाकणार, इतक्यात मी झडप घातली. कोमट पाण्यात धरायची आणि हलकेच गोल फिरवायची असते. फिरवून दाखवली. निसटली. अर्धं दूध ओट्यावर. पिशवीच गुळगुळीत होती.

शुक्रवार
चौदा पिशव्या! आडव्या, तारखेवार, जुन्या पुढे. बायको बघून हसली. पहिल्या तीन दिवसांची काळजी मिटली म्हणाली.

शनिवार, दुपारी ३
फ्रीजरच्या भिंतींवर बोटभर बर्फ. अशा जागी माझा स्टॉक? फ्रीज बंद केला. पिशव्या बादलीत, खरवडलेल्या बर्फात. तासाभराचं काम. नंतर परत गोठवू.

शनिवार, संध्याकाळी ६.३०
जरा आडवा झालो होतो. फ्रीजर चकचकीत. पिशव्या गार आहेत, पण पार पातळ. दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन केला. वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नसतं म्हणाल्या, गार असेल तर फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवा. हे तिसऱ्या पानावर आहे म्हणे. इतकं महत्त्वाचं कोणी तिसऱ्या पानावर छापतं का?

रविवार, संध्याकाळी ६.३०
ठकी पाच पिशव्या प्यायली. सहावीचा मी आग्रह केला, तर माझ्या अंगावर ओकली. सहावी धरून उरल्या नऊ. बायको ओरडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. तिने फक्त सिंककडे बोट दाखवलं. मीच ओतल्या. एकेका पिशवीसाठी ती दोनदा पंप घेऊन बसायची, पाठीला उशी लावून.

रविवार, रात्री ८
तिने साहेबांना फोन करून सांगितलं, उद्यापासून येणं जमणार नाही, आणखी आठवडाभर रजा हवी. पलीकडून कारण विचारलं असावं. बाळाच्या दुधाची सोय करायला मी कमी पडले, म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.