ताई, आत येताना चप्पल काढू नकोस

ताई,

घरभर वाडग्याचे तुकडे आहेत, जपून ये. भावोजी तुला न्यायला आले होते. तू इकेबानाच्या क्लासला गेलीयस म्हटल्यावर भडकले. "संसार मोडून बाईसाहेब जपानी पद्धतीनं फुलं खोचतायत!" तू तासभर हळूहळू वाकवलेल्या फांदीसकट वाडगा त्यांनी भिंतीवर फोडला. मी आडवी गेले, तर माझाच गळा आवळला. हाताला फुलं खोचायचा तो खिळ्यांचा पितळी ठोकळा लागला, तोच त्यांच्या तोंडावर हाणला. गाल फाटला, तसे रक्ताळलेले पळाले.

मी शेजारच्या काकूंबरोबर पोलीस चौकीत जातेय. ही चिठ्ठी वाचलीस की तूही तिकडेच ये. ते रडतील, पाया पडतील, तू नेहमीसारखी विरघळशील. पण या वेळी तक्रार माझी आहे, आणि मी ती मागे घेणार नाही.

— धाकटी