गाणं गेलं, परत लाव

अरे,

पिल्लू आत्ताच झोपलंय. मी ताईकडे झोप काढायला चाललेय, पाचपर्यंत येईन. दूध फ्रिजमध्ये आहे. नुसतं कोमट कर, उकळत बसू नकोस.

माझा फोन माझ्याबरोबर येणार, म्हणून गाणी तुझ्या फोनवरून टीव्हीवर लाव. वायफाय सुरू करून 'स्क्रीन कास्ट' दाब, एवढंच. आणि नंतर आठवणीनं बंद कर, नाहीतर सकाळी माझं झालं तसं होईल.

पिल्लूला गाणी लावून दिली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ताईला लिहायला घेतलं, 'मी फार थकलेय गं, रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडते.' चारदा खोडलं, चारदा लिहिलं. बाहेर येऊन बघते तर ते सगळं टीव्हीवर, हाताएवढ्या अक्षरांत, आणि समोर सोफ्यावर तू! तरी मला बघून म्हणालास काय, "अगं, गाणं गेलं बघ, परत लाव ना!" धन्य आहे बाबा तुझी.

तो मेसेज मी शेवटी पाठवलाच नाही. ताईला अजून काही माहीत नाही. वाचलंय ते तू एकट्यानंच.