शेवटचं कुंपण कुणी पाहिलं?

बॅलिनाकारा,
९ जानेवारी १९५४

चि. फिनबारला (आणि फादर झालास म्हणून ती. फिनबारलाही) ताईचे अनेक आशीर्वाद. तुझेही मला असू देत. वि. वि.

तुझी रवानगी इनिशगार बेटावर झाल्याचं मला दूधवाल्याकडून कळावं, हे काही बरं नव्हे. गावात तोंडाला येईल ते चाललंय. बेकरीवाली म्हणते, तू वेदीवरची वाइन संपवलीस. पोस्टमास्तरांच्या मते भानगड बाईची असावी, आणि त्यांना तुझं कौतुकच वाटतंय. शेवटी टाइगने मला खरं काय ते सांगितलं.

म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या सणाला, शर्यतींना तुम्ही सगळे फादर नेहमीसारखे मैदानाच्या भिंतीबाहेर बांधावर उभे होतात. तुम्हांला आत पाऊल टाकायची बंदी, बाहेरून माना उंच करायला मात्र धर्माची हरकत नाही! तिथे बिशपसाहेब म्हणाले, की सध्या तालमीत असलेल्या, कुंपणांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांत कार्डिनल्स हॅटला तोड नाही. आणि तू साऱ्या फादरांदेखत म्हणालास, की तो उडी मारत नाही, जिन्यावरून कपाट उतरवावं तसा उतरतो, खरा घोडा नॉकबुईच. अरे, त्यापेक्षा वाइन प्यायला असतास तर मी समजू शकले असते.

आता माझ्या लग्नाचं काय? सेहेचाळिसाव्या वर्षी टाइग लेहानसारखा सज्जन नालबंद मला मागणी घालतो, आणि लग्न लावायला सख्खा भाऊ नाही! आई गेल्यावर तुला मी वाढवलं, ते कुणा परक्या फादरने माझं लग्न लावावं म्हणून नव्हे. राखेच्या बुधवारी उपासाचा काळ सुरू होतो, त्याच्या आत उरकलं नाही तर ईस्टरपर्यंत थांबणं आलं. तेवढ्या दिवसांत पुरुषांचं मन कुठल्या कुठे जातं. साहेबांकडे ताबडतोब रजा माग.

लोकरीचे मोजे घाल आणि ताई बोलली म्हणून रुसू नकोस.

तुझी
गोबनेट


इनिशगार,
२० जानेवारी

ती. ताईस फिनबारचा सा. न. वि. वि.

बेटावर खायला मासे, ऐकायला वारा आणि बघायला एक गाढव आहे. ते सकाळी जिथे उभं असतं तिथेच संध्याकाळी असतं. इथल्या कुणीही जन्मात शर्यतीचा घोडा पाहिलेला नाही. रविवारी प्रवचनात मी नॉकबुईचा दृष्टान्त दिला, तर एका म्हाताऱ्याने बाहेर मला विचारलं, की हे संत नक्की कुठल्या शतकातले.

रजेसाठी साहेबांना लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं, की कार्डिनल्स हॅटबद्दल डोकं ठिकाणावर आलं की कळवावं. ताई, ते माझ्याच्याने होणार नाही. मी सहा हिवाळे त्या बांधावर भिजलोय. नॉकबुई कुंपणाशी आला की माझा श्वास अडकतो, इतका तो देखणा उडतो. मी श्रद्धेपायी हालअपेष्टा सोसणाऱ्यांच्या देशात जन्मलो आहे, बेटावर राहीन.

तुझ्या लग्नाला मी नसेन, या विचाराने मात्र घास उतरत नाही. टाइगरावांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
फिनबार


बॅलिनाकारा,
२८ जानेवारी

चि. फिनबारला आशीर्वाद, पण या खेपेला जरा हात राखूनच.

हालअपेष्टा म्हणे! घोड्यासाठी? संत पीटरने तर प्रत्यक्ष प्रभूला तीनदा नाकारलं, तरी स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्याच हाती आल्या. तुला एका घोड्याला एकदाच नाकारायचंय, आणि नॉकबुईला ते कधी कळणारही नाही. तो काय वर्तमानपत्र वाचतो?

मजकूर मी सोबत लिहून दिलाय. आपल्या अक्षरात उतरव आणि धाड. टाइगने नवा कोट शिवायला टाकलाय. मी फुलं सांगितली आहेत. एका खोट्या वाक्याने कुणी मरत नाही रे.

पत्र वाचून आधी चिडशील, मग ऐकशील, हे ठाऊक असलेली
ताई


इनिशगार,
५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

लिहिलं. कार्डिनल्स हॅट सर्वश्रेष्ठ आहे, असं लिहिलं. पाकीट बंद करून बाहेर आलो, तर त्या गाढवाच्या नजरेला नजर देववेना.

पिशवी भरून ठेवली आहे. आता काही झालं तरी तुझं लग्न मीच लावणार. जीव लावतेस, तसाच लावत राहा.

फिनबार


बॅलिनाकारा,
१३ फेब्रुवारी

चि. फिनबार, आशीर्वाद. आधी खाली बस.

काल बिशपसाहेब स्वतः माझ्या स्वयंपाकघरात आले. हातात तुझं पत्र. म्हणाले, की जो फादर घोड्याबद्दल खोटं बोलतो, तो मरणाऱ्या माणसाच्या उशाशीही खोटंच बोलेल. मग सोडा ब्रेडकडे बघत हळूच म्हणाले, की वीस वर्षं ज्याला त्याला आपलं म्हणणं पटतं, हवामानाबद्दलसुद्धा. एकटा फिनबार नाही म्हणाला होता, आणि तोही फिरला. मजकूर माझा, हे मी कबूल केलं. तर म्हणाले, शोभतं तुम्हांला. रजा नाही.

मग माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्ही दोघं कसली भांडणं करता? तुमच्या बांधावरून शेवटचं कुंपण दिसतं तरी का? ते प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपराआड जातं. तिकीट काढून आत मी बसते. तुमचा कार्डिनल्स हॅट तिथे गर्दी बघत रेंगाळतो, आणि माझ्या भावाचा देखणा नॉकबुई त्या कुंपणाशी बावरून पाठीवरच्या स्वाराला जिनातून ढळवतो. सध्या तालमीत खरी एकच आहे, ती मिसेस कूगन नावाची घोडी. ती शेवटच्या कुंपणाआधी डावा कान वळवून माझ्याकडे बघते.

साहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, साफ चूक. आणि आणखी चहा मागितला. दिवे लागेपर्यंत हलले नाहीत. आज सकाळी पुन्हा हजर! भांडून भांडून गाल लाल झालेत त्यांचे. जाताना म्हणाले, की माझं लग्न ते स्वतःच लावतील, फिनबारची आता गरज नाही. मला काही सुचत नाही रे. काय करू ते कळव.

ताई


इनिशगार,
१८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

सोपं आहे. मिसेस कूगनपेक्षा कार्डिनल्स हॅट बरा, एवढं साहेबांना सांग. मग तूही इतरांसारखी हो ला हो करणारी ठरशील, त्यांना तुझा वीट येईल आणि ते मला बोलावतील. संत पीटरची गोष्ट तूच मला सांगितलीस. एका खोट्या वाक्याने कुणी मरत नाही, हेही तुझंच.

वाट पाहणारा
फिनबार


बॅलिनाकारा,
२४ फेब्रुवारी

चि. आणि ती. फिनबारला, दोन्ही मनापासून.

प्रयत्न केला. चहाची किटली हातात धरून साहेबांपुढे उभी राहिले, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. डोळ्यांसमोर तो डावा कान. तुला मी किती सहज सांगितलं होतं! चुकलं माझं. तू माझ्यासाठी केलंस ते मला तुझ्यासाठी जमलं नाही, याची लाज वाटते.

मग जे खरं ते बोलले. म्हटलं, साहेब, घोडीही माझी आणि भाऊही माझा. लग्न फिनबार लावेल, नाहीतर मी अविवाहित मरेन आणि स्वयंपाकघराचं दार तुम्हांला बंद. म्हणाले, की तुला परत बोलावलं तर साऱ्या फादरांत त्यांचं हसं होईल. मात्र बिशपने बेटाला भेट द्यायला कुणाची हरकत नसावी.

तेव्हा मंगळवारी, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, आम्हीच होडीने येतो आहोत. मी, टाइग आणि साहेब. साहेब पहिल्या बाकावर बसणार आहेत आणि तू त्यांना खोटं का लिहिलंस ते विचारणार आहेत. त्यांना खरं सांग. तेवढ्यासाठीच येताहेत ते.

एक मात्र ऐक. या तिन्ही घोड्यांना नाल टाइगच ठोकतो. इतक्या वर्षांत त्याने कधी सांगितलं नाही, की सर्वांत चांगलं कोण. साहेब होडीत त्याला विचारणार, म्हणून त्यांना मी वाऱ्याच्या तोंडाला बसवते, म्हणजे बोलायची सोयच नाही. तू वेदीपाशी विचारू नकोस. तो चुकून कार्डिनल्स हॅट म्हणाला, तर मला होडीने एकटीला परतावं लागेल. आणि मला एकटीला परतायचं नाही रे, फिनबार. फार वर्षं एकटीने परतले मी.

मिस्सेची प्रार्थना आटोपशीर ठेव. मला हो म्हणू दे, मग काय विचारायचं ते विचारा.

किनाऱ्यावर उभा राहा.

तुझी
ताई