रक्तातलं मीठ

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

खाणीवरच्या भटारखान्यात एवढ्या माणसांचा स्वयंपाक एकटा रेटतोस, वाचून कौतुक वाटलं. इकडची बातमी मात्र चांगली नाही. मधलीला पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलाय, ते तुला ठाऊकच आहे. आता पायही सुजलेत. भर रहदारीत बस हाकताना सगळ्यांना दटावणारी आपली बहीण केस विंचरतानासुद्धा धापा टाकते.

डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट चाळले आणि एकाच आकड्यावर बोट ठेवलं. रक्तातलं सोडियम एकशे अठ्ठावीस. गेल्या वर्षी एकशे अडतीस होतं. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, या आजारात ते असं उतरायला लागलं की काळजी फार वाढते, मनाची तयारी ठेवा. मधलीला मी हे सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस.

जिवाला जप, आमची आठवण ठेव.
तुझी ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोडियम म्हणजे मीठच ना? मग एवढं घाबरायचं कशाला! माझा अर्धा जन्म मिठाच्या डब्यात हात घालण्यात गेला. तिच्या जेवणात चिमूटभर मीठ जास्त टाक, आठवड्यात आकडा वर येईल. तुझं पत्र वाचून आधी घाबरलो आणि मग एकटाच हसत सुटलो. जूनमध्ये इथलं कंत्राट संपलं की येतो. तोवर मधलीला म्हणावं, तुझी बस डेपोत उभी करून आराम कर.

रागावत राहा, पण माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून माझाही जीव भांड्यात पडला होता. बरं झालं, मीठ वाढवण्याआधी नर्सबाईंना विचारलं. त्यांनी मला खाली बसवून समजावलं. तिच्या अंगात मीठ कमी नाही, पाणी जास्त झालंय. हृदयाची उजवी बाजू थकली, म्हणून अंग पाणी धरून ठेवतं आणि त्यात मीठ विरळ होतं. वरून मीठ दिलं तर सूज वाढेल, जिवावर बेतेल. आता पाणीसुद्धा मोजून द्यायचं. तहानेनं तिचे ओठ फुटलेत आणि मी पेला लपवते.

काल आकडा एकशे पंचवीस आला. औषधं चालू आहेत, उपयोग दिसत नाही. जूनची वाट पाहू नकोस, असं लिहिणार होते. पण तू असा अचानक दारात उभा राहिलास तर तिला सगळं कळेल. काही सुचत नाही. दुकानात इस्त्री करताना गिऱ्हाइकाचा कोट जाळला.

सांभाळून राहा.
तुझी ताई

ता. २४ मार्च

चि. धाकट्यास मधलीचे आशीर्वाद आणि एक टप्पल.

हे पत्र थांबत थांबत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. डॉक्टरीणबाईंना मी सरळच विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. त्या आकड्याचा अर्थ मला कळलाय. ताईला सांगू नकोस. ती नळावर तोंड धुऊन माझ्याकडे येते आणि गिऱ्हाइकांचे विनोद सांगते. तिला विनोद सांगता आला आहे कधी? पण मी हसते, मग खोकते, आणि तिला वाटतं मला बरं वाटलं. तेवढंही काढून घेतलं तर तिच्याजवळ काय उरेल?

मला भीती वाटते रे. आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं. तू येऊ नकोस, ताई धास्तावेल. खरं म्हणजे ये. काय लिहितेय ते माझं मलाच कळत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
मधली

ता. २ एप्रिल

ती. ताई आणि ती. मधलीस सा. न. वि. वि.

दोघींना मिळून हे एकच पत्र. दोघींनीही मला एकमेकींपासून लपवायला सांगितलं. मला ते झेपत नाही. मधलीला सगळं ठाऊक आहे, ताई. आणि मधले, ताईलाही. आता हवं तेवढं रागवा, पण मी येईपर्यंत एकमेकींसमोर बसून रडा.

मुकादम म्हणाला, मध्येच गेलास तर जागा राहणार नाही. म्हटलं, नाही राहिली तर नाही. शुक्रवारी निघतोय. खाणीच्या ट्रकनं गावापर्यंत, पुढे मिळेल त्या गाडीनं.

थोडी कळ काढा.
तुमचा धाकटा

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

घराची किल्ली आणि हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंकडे ठेवतेय.

तुझं पत्र मधलीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. अर्ध्यावर तिला दम लागला, उरलेलं मी वाचलं. मग ती म्हणाली, मला हे नाटक आता अजिबात जमत नाही. त्यानंतर आम्ही दवाखान्यात तिच्या एकाच खाटेवर झोपत होतो. तिनं विचारलं, मरताना दुखतं का. मी म्हटलं, मला माहीत नाही. मला अजून जायचं नाही म्हणून ती रडली. मी तिची पाठ चोळत राहिले.

आज पहाटे श्वास फारच लागला. डॉक्टरीणबाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दुपारच्या आत ती गेली.

जाण्याआधी तिनं दोनदा विचारलं, धाकटा कुठवर पोचला असेल. मी सांगितलं, एकच स्टेशन राहिलंय. तू कुठे होतास, मला काय ठाऊक.

तिचे कपडे न्यायला घरी आले होते, आता परत तिच्याजवळ जातेय. हातपाय धू, पोटात काहीतरी घाल आणि तिकडेच ये. तिला एकटीनं घरी आणायचं बळ माझ्यात नाही.

तुझी ताई