शकुनचे मासे

१२ डिसेंबर, शुक्र.

देवरीहून ममताचं पार्सल आलं. तिनं बसच्या कंडक्टरकडे दिलं होतं, हे स्टँडवरून घेऊन आले. आत शकुनची सुडोकूची वही. शंभर पानी, निळं कव्हर. सोबत चिठ्ठी: "मावशी, आईची वही तुमच्याकडेच राहू द्या. आमच्यात कोणाला यातलं समजत नाही." एवढंच.

शकुनला जाऊन आज चोवीस दिवस. वही कपाटावर ठेवली. उघडली नाही.

१३ डिसें.

उघडली.

तिचं पेन्सिलीचं बारीक अक्षर. प्रत्येक रिकाम्या घरात शक्य ते आकडे, कोपऱ्याकोपऱ्यात, मी शिकवलं तसे. शाळेत एकोणीस वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसलो, ती मराठीची, मी गणिताची. रिटायर झाल्यावर सुडोकू तिला मीच लावलं. "हे काय लावून देल्लं तू माह्या मागं," म्हणायची, आणि दुपारी दोनला सोडवलेल्याचा फोटो पाठवायची.

इंग्रजी नावं तिला आवडली नाहीत. दोन आडव्या ओळींत एखादा आकडा त्याच दोन उभ्या रांगांत अडकला की ती त्याला कोतरी म्हणायची. तीन ओळी, तीन रांगा झाल्या की मरळ. आपल्या तलावातले मासे. अडकले की त्या रांगांतल्या बाकी घरांतून तो आकडा खोडायचा. पानापानावर तेच. "५ ची कोतरी." "९ ची मरळ सापडली, सुलभाले दाखवावं."

समासात माझं नाव किती वेळा. मोजलं नाही.

१६ डिसें., मंगळ.

सकाळी सेमीच्या शेंगा निवडताना मागून "झालं का?" ऐकू आलं. तिचाच सूर, शेवटचा 'का' लांबवलेला. वळले. कोणी नाही. ह्यांना विचारलं, तुम्ही काही बोललात? हे अंगणात उन्हात बसले होते, मान हलवली. दुपारी दोनला पुन्हा. नेमकं दोनला.

हे म्हणाले, "तू त्या वहीकडं पाहूनच राहिली दिवसभर. एक तर वाच, नाही तं ठेवून दे."

पेपरातलं सुडोकू आता हेच आधी फाडून टाकतात. मला न विचारता.

१८ डिसें.

ते पान आलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारचं कोडं. आमच्या रिटायर शिक्षिकांच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं. कोणालाच सुटेना, मलाही नाही. शकुननं उत्तर पाठवलं, ७ ची मरळ लावून. मी पाहिलं तर आठव्या ओळीत ७ ला जागा तीन, त्यातली एक मरळीच्या रांगांबाहेर. लगेच लिहिलं: "हा मासा नाही, तुक्का आहे. मराठीच्या बाईंनी व्याकरणच पकडावं." सगळ्या हसल्या. नऊ हसरी तोंडं.  शकुन संध्याकाळी ग्रुपमधून निघून गेली.

वहीत तिनं त्या जादा जागेला गोल केलाय. शेजारी लिहिलंय, "पर." माशाचा पर. खाली:

"पर खरा असला, तं ७ त्याच छोट्या चौकटीत बसला, मंग कोपऱ्यातल्या घरात येत नाही. पर खोटा असला, तं मरळ पुरी. तरी त्या घरात येत नाही. दोन्हीकडून नाही. मंग खोडलं तं काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं.

१९ डिसें.

हे कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे.

७ नोव्हेंबरला ती आली होती. न कळवता, देवरीहून बसनं. फाटक वाजलं, खिडकीतून दिसली. हिरवी साडी, काखेत पिशवी. मी ह्यांना म्हटलं, "नाही म्हणून सांगा." हे माझ्याकडे बघत राहिले, मग गेले. मी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर.

"बाहेरगावी गेली का भाऊजी?"

"गोंदियाला."

"येते का संध्याकाळपर्यंत?"

"सांगता येत नाही."

पाणी प्यायली. ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. "बरं, सांगजा मी आलती."

अकरा दिवसांनी ममताचा फोन. डोक्यात रक्तस्राव. दवाखान्यात नेता नेताच

२१ डिसें., रवि.

वहीतलं शेवटचं लिहिलेलं पान. ७ नोव्हेंबर. नऊ बाय नऊची चौकट आखून रिकामी सोडलेली. खाली:

"सुलभा घरी नाही म्हणले भाऊजी. तिची चप्पल दारात होती. मीच पसंत केलती तिच्यासाठी. स्टँडवर बसली दीड घंटा, बस उशिरा आली. राग नाही आला. कायले नाही आला, तेच समजून नाही राहिलं."

म्हणजे तिला माहीत होतं. पाणी पिताना माहीत होतं. "सांगजा मी आलती" म्हणतानाही.

दुकानात जायचं होतं. दाराशी गेले, ती चप्पल पायात घालवेना. ह्यांची घालून गेले.

२२ डिसें.

अजून एक राहिलंय. १९ ला लिहिताना टाळलं.

पर मी तपासला होता. ६ नोव्हेंबरला, ती यायच्या आदल्या दुपारी, कागद घेऊन. दोन्ही बाजू लावून पाहिल्या. ती फाटकाशी उभी होती तेव्हा ती बरोबर आहे हे मला माहीत होतं. चिडून नाही लपले. ती आता वही उघडून दाखवणार, आणि मला हो म्हणावं लागणार, म्हणून लपले. छत्तीस वर्षं पोरांना सांगितलं, चूक दिसली की मान्य करायची.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मले वाटलंच होतं. ममताकडं जाऊन ये."

२४ डिसें., बुध.

ग्रुपवर लिहिलं: "शकुनची ७ ची मरळ बरोबर होती. मी चुकले होते, वर तिची थट्टा केली." लगेच जोडलेले हात, फुलं. एकीनं लिहिलं, "किती मोठं मन तुमचं, मॅडम." फोन उलटा ठेवून दिला.

दोन वाजता आज काही ऐकू आलं नाही. वाट पाहिली होती. ते जास्त वाईट.

२७ डिसें., शनि.

देवरीला जाऊन आले.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. पिशवी ठेवायला हात गेला, ठेवली नाही. मांडीवरच घेऊन बसले.

ममतानं चहा केला, समोर बसली. मी म्हटलं, "त्या दिवशी मी घरी होते."

"माहीत आहे मावशी. वाचूनच पाठवली मी वही. तुमी येता का नाही, तेच पाहून राहिली होती."

मी कप खाली ठेवला.

"दार काऊन नाही उघडलं?"

सांगितलं. पराचं, कागदाचं, आदल्या दुपारचं. तिला सुडोकू येत नाही, तरी मध्ये थांबवलं नाही.

"म्हणजे आई बरोबर होती."

"हो."

"आणि तुमाले तवा माहीत होतं."

"हो."

उठली, कप घेऊन आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आली ती गाडीची चावी घेऊनच. मला स्कूटीवर स्टँडला सोडलं.  बस लागल्यावर म्हणाली, "पोचल्यावर फोन करजा." मनापासून, की सवयीनं. तिच्या तोंडाकडे पाहून कळेना.

साडेसहाला पोचले. फोन केला, पुरा वाजला. हातपाय धुऊन परत केला. तिनं उचलला.

"पोचले," म्हटलं.

 तिच्या मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मी ठेवला नाही, तिनंही नाही. असा बराच वेळ गेला. मग लाइन तुटली. तिनं ठेवला की रेंज गेली, कोण जाणे.